रुग्णवाहिकेतला व्हेंटिलेटर आणि त्याच्यामागचा पुरावा

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रात्री मी चिपळूणहून कराडकडे एका बाईंना घेऊन रुग्णवाहिकेतून निघालो होतो. दुचाकीवर मागे बसलेल्या त्या बाई रस्त्यावर पडून त्यांच्या डोक्याला जबर मार लागला होता आणि त्यांची शुद्ध हरपली होती. श्वासनलिकेत नळी घालून मी त्यांना रुग्णवाहिकेतल्या लहानशा व्हेंटिलेटरवर ठेवले होते. सोबत एक सिस्टर होत्या आणि पुढे चालकाशेजारी बाईंचा मुलगा बसला होता. कुंभार्ली घाट चढेपर्यंत तो दर वळणाला मागे वळून विचारत होता, ‘‘डॉक्टर, आईचा श्वास नीट चाललाय ना?’’ छाती लयीत वरखाली होत होती, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा ९९ दिसत होता, व्हेंटिलेटरचा काटा आपल्या जागी हलत होता. मी प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटले आणि ते मला खरे वाटत होते.

कराडला पोचल्यावर धमनीतल्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा दाब २६ मिमी आला. तो साधारण ३५ ते ४५ असायला हवा. याचा अर्थ संपूर्ण प्रवासभर मी त्यांना गरजेपेक्षा बरीच जास्त हवा देत होतो. डोक्याला मार लागलेल्या माणसात हे किरकोळ नसते, कारण कार्बन डायऑक्साइड खाली गेला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि आधीच सुजलेल्या, दुखावलेल्या मेंदूला रक्त कमी मिळते. त्या बाई पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या प्रवासाने त्यांचे काही नुकसान केले की नाही, हे एका रुग्णावरून सांगता येणार नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी मी त्यानंतर या विषयावरचे अभ्यास शोधून वाचू लागलो. सुवाह्य व्हेंटिलेटर, म्हणजे उचलून नेता येणारा, रुग्णवाहिकेत किंवा स्ट्रेचरच्या कठड्याला अडकवता येणारा व्हेंटिलेटर, नेमका किती चांगला चालतो आणि ते आपल्याला कशावरून कळते, हा माझा प्रश्न होता.

त्या रात्रीची चूक माझी होती, हे आधी स्पष्ट करतो. बाईंचे वजन अंदाजे ६५ किलो दिसत होते, त्यावरून मी प्रत्येक श्वासाला ५०० मिली हवा आणि मिनिटाला १४ श्वास लावले. परंतु फुफ्फुसांचा आकार वजनावरून ठरत नाही, तो उंचीवरून ठरतो. स्त्रीसाठी अपेक्षित वजन काढण्याचे सूत्र असे आहे: सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करावेत, उरलेल्याला ०.९१ने गुणावे आणि त्यात ४५.५ मिळवावेत. पुरुषासाठी ४५.५ऐवजी ५० घ्यायचे. बाईंची उंची १५० सेंमीच्या आसपास होती, म्हणजे त्यांचे अपेक्षित वजन सुमारे ४३ किलो. किलोमागे ८ मिली धरले तरी त्यांना साधारण ३५० मिलीचा श्वास पुरेसा होता, आणि ६ मिली धरले तर २६० मिलीचा. मी त्यांना किलोमागे साडेअकरा मिली देत होतो. यंत्राने मात्र मी सांगितले तेच केले होते. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही चाचणीत त्या रात्रीची त्या यंत्राची कामगिरी निर्दोष ठरली असती.

सुवाह्य व्हेंटिलेटरविषयी आज जो पुरावा उपलब्ध आहे, तो समजून घेताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. या यंत्रांवरचे बहुतेक अभ्यास माणसांवर झालेले नाहीत, ते कृत्रिम फुफ्फुसावर झालेले आहेत. कृत्रिम फुफ्फुस म्हणजे एक भाता किंवा संगणकाने चालणारा दट्ट्या असतो. त्याचा ताठरपणा आणि श्वासमार्गाचा अडथळा हवा तसा बदलता येतो, त्यामुळे निरोगी माणसाचे, न्यूमोनियाने ताठरलेले किंवा दम्याने आवळलेले फुफ्फुस टेबलावर उभे करता येते. मग यंत्रावर आकडा लावायचा आणि पलीकडे प्रत्यक्ष किती हवा पोचली, दाब किती झाला, श्वास ओढण्याचा प्रयत्न यंत्राने किती वेळात ओळखला, हे मोजायचे. ही पद्धत प्रामाणिक आहे. तिच्यात रुग्णाला धोका नसतो, दहा यंत्रे एकाच कसोटीवर लावता येतात आणि दुसऱ्या कोणालाही ती चाचणी पुन्हा करून पाहता येते. यंत्र दिलेली आज्ञा पाळते का, एवढ्या प्रश्नाचे उत्तर ती देते.

या एका प्रश्नाचे उत्तरसुद्धा वाटते तितके दिलासा देणारे नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील गटाने २००७मध्ये १५ वाहतूक व्हेंटिलेटरांची तुलना प्रसिद्ध केली. सोप्या स्थितीत बहुतेक यंत्रे ठीक चालली. फुफ्फुस ताठर केले, रुग्णाची मागणी वाढवली, तेव्हा सर्व कसोट्यांना उतरणारी यंत्रे थोडीच उरली. बॅटरी किती वेळ टिकते आणि स्वतः चालण्यासाठी यंत्र किती वायू खर्च करते, यातही फार मोठी तफावत आढळली. फ्रान्समधील ब्रेस्टच्या संशोधकांनी २०१४मध्ये २६ यंत्रे तपासली, आणि तिथेही मुख्य निष्कर्ष तफावतीचाच होता. एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या या यंत्रांचे अंतरंग एकमेकांपासून इतके वेगळे आहे की ‘पोर्टेबल व्हेंटिलेटर चांगले असतात का’ हा प्रश्न तसा विचारण्यातच अर्थ नाही.

अंतरंगाविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. सर्वांत साधी यंत्रे केवळ सिलिंडरमधल्या वायूच्या दाबावर चालतात, त्यांना वीज लागत नाही. ती दणकट असतात, धक्के सोसतात आणि तुलनेने स्वस्त असतात. परंतु त्यांतल्या अनेकांत ऑक्सिजन वाचवण्यासाठी बाहेरची हवा ओढून मिसळण्याची सोय असते, आणि छातीतला दाब वाढला की ती हवा कमी ओढली जाते. परिणामी श्वासाचे आकारमान घटते आणि ऑक्सिजनचे प्रमाण बदलते. बटण मात्र जिथे होते तिथेच दिसत राहते. दुसऱ्या प्रकारची यंत्रे सिलिंडरच्या वायूवरच चालतात, पण झडपांवर विजेचे आणि संगणकाचे नियंत्रण असते. तिसऱ्या प्रकारात आत एक छोटी टर्बाइन असते, ती खोलीतली हवा स्वतः ओढते, त्यामुळे ऑक्सिजन लागेल तेवढाच वापरला जातो. बॅटरीवरचा भार मात्र वाढतो. गेल्या दीड-दोन दशकांत टर्बाइनच्या यंत्रांनी जी मजल मारली आहे, ती खरोखर मोठी आहे. त्यांतली उत्तम यंत्रे अतिदक्षता विभागातल्या मोठ्या व्हेंटिलेटरच्या जवळ पोचतात, असे अनेक चाचण्यांत दिसले आहे.

मात्र आपल्याकडच्या रुग्णांसाठी सर्वांत महत्त्वाची चाचणी लहान आकारमानाची आहे, असे माझे मत आहे, आणि तिच्याकडे यंत्र घेताना फारसे कोणी पाहत नाही. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या वॉर्डात येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना फुफ्फुसे जपायची असतील तर २५० ते ३०० मिलीचा श्वास द्यावा लागतो. इतक्या लहान श्वासात चुकीला जागाच उरत नाही. व्हेंटिलेटरपासून रुग्णापर्यंतची नळी दाबाखाली ताणली जाते आणि तिच्यातच काही हवा अडकून राहते. दर सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला एक ते दोन मिली धरले, तर ३० सेंमी दाबाला ३० ते ६० मिली. यंत्राने ही तूट भरून काढली नाही तर ५०० मिलीत ती खपून जाते, २६० मिलीत ती पाचवा हिस्सा खाते. त्यातच नळीला लावलेला मोठ्यांचा फिल्टर आणखी काही मिली हवा जागच्या जागी फिरवत ठेवतो. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘अचूकता अधिक-उणे १० टक्के’ असे लिहिलेले असते. ती अचूकता कोणत्या आकारमानाला आणि किती दाबाला मोजली, हे विक्रेत्याला विचारलेच पाहिजे.

लहान श्वासाचा हा आग्रह कोठून आला, त्याचाही पुरावा पाहू, कारण तो कृत्रिम फुफ्फुसावरचा नाही. अमेरिकेतील एआरडीएस नेटवर्क या संशोधकांच्या गटाने २०००मध्ये ८६१ रुग्णांवरील यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी चाचणी, प्रसिद्ध केली. फुफ्फुसांना तीव्र सूज आलेल्या या रुग्णांपैकी एका गटाला अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ मिलीने आणि दुसऱ्या गटाला ६ मिलीने सुरुवात करून श्वास दिला. पहिल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१.० टक्के. माझ्या हातून त्या बाईंना मिळालेले साडेअकरा मिली यांतल्या कोणत्या गटाच्या जवळ आहेत, हे वाचताना मला फार अस्वस्थ वाटले होते. अर्थात ती चाचणी दिवसेंदिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या, फुफ्फुसाचा आजार असलेल्या रुग्णांची होती. तिचा आकडा उचलून तीन तासांच्या प्रवासाला चिकटवणे योग्य नाही.

पण सुरुवातीचे काही तास गौण असतात असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतील सेंट लुइस येथे आपत्कालीन विभागातच फुफ्फुसे जपणारी मापे लावायला सुरुवात केली आणि आधीच्या व नंतरच्या रुग्णांची तुलना करून २०१७मध्ये ती प्रसिद्ध केली. जुळवणी केलेल्या गटांत फुफ्फुसांच्या गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर आले आणि मृत्यूचे प्रमाण ३४.१वरून १९.६ टक्क्यांवर. हा आधी-नंतरचा अभ्यास आहे, यादृच्छिक चाचणी नव्हे. मधल्या काळात इतर गोष्टीही सुधारलेल्या असू शकतात, म्हणून एवढ्या मोठ्या घटीचे सारे श्रेय मापांना देण्यास मी कचरतो. तरीही त्यातून एक गोष्ट मला पटली, ती अशी की पहिल्या तासाला जे आकडे लावले जातात ते पुढे कोणी सहसा बदलत नाही. रुग्ण रुग्णवाहिकेतून आपत्कालीन विभागात आणि तिथून अतिदक्षता विभागात जातो, आणि त्याच्यासोबत ५०० मिलीचा आकडाही जातो.

आता प्रत्यक्ष माणसांवरच्या पुराव्याकडे येतो. इथे यंत्राची पहिली तुलना नेहमी माणसाच्या हाताशी होते, म्हणजे अॅम्ब्यू बॅग या हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीशी. हाताने श्वास देण्याला कमी लेखण्याचे कारण नाही. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून ब्लेगडॅम रुग्णालयात सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, गळ्यातल्या छिद्रातून बसवलेल्या नळीवाटे हाताने रबरी पिशवी दाबत रुग्णांना आठवडेच्या आठवडे जगवले. आजचा अतिदक्षता विभाग त्या हातांतून जन्माला आला. परंतु धावत्या वाहनातला हात, मध्यरात्रीचा थकलेला हात, समोर नातेवाईक आक्रोश करत असतानाचा हात वेगळा असतो. मिलवॉकी येथे हृदय बंद पडलेल्या रुग्णांना प्रशिक्षित बचावकर्मी किती वेगाने श्वास देतात हे प्रत्यक्ष नोंदवले गेले, आणि २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ रुग्णांत हा वेग सरासरी मिनिटाला ३० निघाला. त्यांना १२ शिकवलेले होते. त्याच संशोधकांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगात मिनिटाला १२ श्वास मिळालेल्या ७ प्राण्यांपैकी ६ वाचले आणि ३० श्वास मिळालेल्या ७ पैकी एकच वाचला. छातीत सतत दाब राहिला की हृदयाकडे परतणारे रक्त अडते, हे त्याचे कारण.

यंत्र घाबरत नाही, थकत नाही, म्हणून ते इथे सरस ठरावे अशी अपेक्षा असते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हात आणि यंत्र यांची तुलना करणारे काही अभ्यास झाले. ते बहुतेक लहान होते, कित्येकांत काही डझनच रुग्ण होते, आणि त्यांचे निकाल एका सुरात नाहीत. हाताने श्वास देताना कार्बन डायऑक्साइड खूप खाली जाण्याकडे कल असतो आणि यंत्रावर चढउतार कमी होतात, असे काहींत दिसले. काहींत दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही, विशेषतः पिशवी दाबणारा मनुष्य अनुभवी असेल तर. एका गोष्टीवर मात्र फारसे दुमत नाही: यंत्र लावले की एक माणूस मोकळा होतो. ज्यांनी मागच्या बाकावर एकट्याने रुग्ण नेला आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. शिरेतली सुई निसटली, नळीत कफ साचला, रक्तदाब घसरला, तर हात मोकळे हवेत. सुवाह्य व्हेंटिलेटरने रुग्णाचा जीव वाचतो का, हे पिशवीशी तुलना करून ठामपणे सिद्ध करणारी एखादी मोठी यादृच्छिक चाचणी माझ्या वाचनात आलेली नाही. पुराव्यातली ही सर्वांत मोठी पोकळी आहे.

माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर मला एका जर्मन अभ्यासात मिळाले. तिथे गंभीर जखमींना भूलतज्ज्ञ हेलिकॉप्टरमधून नेत असत, त्यांना यंत्रावरच श्वास दिला जात असे. ९७ रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत डॉक्टरांना कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र, पाहू दिले आणि इतरांच्या बाबतीत त्याचा पडदा झाकून ठेवला. २००३मध्ये आलेल्या निकालानुसार, कॅप्नोग्राफ पाहणाऱ्या गटातले सुमारे ६३ टक्के रुग्ण योग्य मर्यादेत श्वास मिळत असल्याच्या स्थितीत रुग्णालयात पोचले. पडदा झाकलेल्या गटात हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. डॉक्टर कुशल होते, यंत्रे चांगली होती, आकडे नियमाप्रमाणे लावलेले होते, आणि तरीही पाचांतल्या चौघांच्या बाबतीत ते चुकले. हे वाचल्यापासून कॅप्नोग्राफ नसलेला व्हेंटिलेटर मी अर्धाच मानतो. त्या रात्री आमच्या रुग्णवाहिकेत तो असता, तर घाट लागण्यापूर्वीच २६चा आकडा मला दिसला असता आणि एक बटण फिरवून मी तो दुरुस्त केला असता.

ॲरिझोना राज्यातला ‘एपिक’ हा प्रकल्प याच दिशेने जातो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत ऑक्सिजन खालावू न देणे, रक्तदाब पडू न देणे आणि अतिवेगाने श्वास न देणे, या तीन गोष्टी राज्यभरच्या रुग्णवाहिका सेवांना शिकवण्यात आल्या. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१,८५२ रुग्णांच्या विश्लेषणात एकूण सर्व रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणात स्पष्ट वाढ दिसली नाही. परंतु गंभीर इजा झालेल्या गटात, प्रशिक्षणाआधीच्या रुग्णांच्या तुलनेत, जगण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर २.०३ आणि त्यांतल्या नळी घातलेल्या रुग्णांत ३.१४ आले. हाही आधी-नंतरचाच अभ्यास आहे. पण सुधारणा नेमकी त्या गटात दिसली, जिथे जास्त श्वासाचा धोका सर्वाधिक असतो, आणि म्हणून मला तो विश्वासार्ह वाटतो. लक्षात घेण्यासारखे हे की त्यात कोणतेही नवे यंत्र हा उपचार नव्हता.

रुग्णालयाच्या आतल्या प्रवासाबद्दल, म्हणजे अतिदक्षता विभागातून सीटी स्कॅनपर्यंत आणि परत, फ्रान्समधील लील येथील २०१३चा अभ्यास मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी वाचायला देतो. १८४ रुग्णांच्या २६२ फेऱ्यांपैकी ४५.८ टक्के फेऱ्यांत काही ना काही अनुचित घटना घडली. धोका वाढवणाऱ्या घटकांत एक होता पीप, म्हणजे श्वास सोडल्यानंतरही फुफ्फुसात राखला जाणारा किमान दाब, ६ सेंमीहून जास्त असणे. पीप जास्त लागणाऱ्या रुग्णाला क्षणभर यंत्रावरून काढले तरी उघडलेली फुफ्फुसे पुन्हा मिटू लागतात. मोठ्या यंत्रावरून लहान यंत्रावर नेताना नळीला चिमटा लावून बंद का करावे, आणि पलंगाशेजारीच पाच-दहा मिनिटे लहान यंत्रावर ठेवून मग का निघावे, याचे कारण यात आहे.

कोविडच्या महासाथीने हा सारा विषय प्रयोगशाळेतून थेट वर्तमानपत्रांत आणला. फ्रान्सने २०२०च्या वसंतात १०,००० व्हेंटिलेटर तातडीने बनवून घेतले. त्यांतले ८,५०० ओसिरिस-३ या प्रकारचे होते, म्हणजे वायूच्या दाबावर चालणारे साधे वाहतूक व्हेंटिलेटर, आणि कोविडने ताठरलेल्या फुफ्फुसांवर दिवसेंदिवस ते चालतील का, यावरून तिथल्या डॉक्टरांत तीव्र वाद झाला. त्याच वर्षी आंजे येथील गटाने कृत्रिम फुफ्फुसावर अशी यंत्रे तपासली. टर्बाइनची यंत्रे बऱ्यापैकी टिकली. साध्या यंत्रांना, दुसरे काहीच हाती नसेल तेव्हाचा पर्याय एवढेच स्थान मिळाले. ब्रिटनने त्याच सुमारास उद्योगांच्या मदतीने १३,४३७ व्हेंटिलेटर उभे केले, त्यांतही पॅरापॅक हे जुन्या घडणीचे सुवाह्य यंत्र होते. त्या घाईला दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. परंतु ‘व्हेंटिलेटर’ हा एकच शब्द वापरून संख्या मोजल्या गेल्या आणि त्या संख्येत काय काय सामावले आहे, हे लोकांपर्यंत पोचले नाही.

आपल्या राज्यातही हे घडले. तेव्हाच्या औरंगाबादेतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२१मध्ये पीएम केअर्स निधीतून मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. यंत्रे रुग्णांवर चालत नाहीत, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. यंत्रे ठीक आहेत, वापरणाऱ्यांना प्रशिक्षण कमी पडते, अशी भूमिका केंद्र सरकारने घेतली. मी त्या वादात कोणाची बाजू घेऊ शकत नाही, कारण त्या यंत्रांजवळ मी उभा नव्हतो. पण असा वाद न्यायालयात प्रतिज्ञापत्रांनी लढवला जावा, याचे मला मनापासून दुःख झाले. यंत्र लावलेला आकडा देते की नाही, हे कृत्रिम फुफ्फुस, दाबमापक आणि प्रवाहमापक घेऊन कोणत्याही महाविद्यालयात एका दिवसात ठरवता येते, आणि ती चाचणी यंत्र पहिल्या रुग्णाला लावण्यापूर्वीच व्हायला हवी.

प्रशिक्षणाचा मुद्दा मात्र खोटा नाही. ब्रेस्टच्याच संशोधकांनी २०१६मध्ये १३ यंत्रांची वापरसुलभता तपासली. त्यातून जे पुढे आले, त्याचे सार माझ्या अनुभवाशी जुळते: अचूक यंत्रसुद्धा गोंधळात टाकणारे असेल, तर घाईच्या वेळी त्यावर चुकीचा आकडा लागतो. आपल्याकडे २०१४पासून चालणाऱ्या १०८ सेवेत ९३७ रुग्णवाहिकांनी सुरुवात झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक प्रकारच्या होत्या. व्हेंटिलेटर असतो तो प्रगत प्रकारच्या गाडीत. त्या गाडीतल्या डॉक्टरने आणि रुग्णालयातल्या डॉक्टरने एकाच प्रकारचे यंत्र वापरलेले असेलच असे नाही, आणि हस्तांतराच्या दोन मिनिटांत त्याला नवे बटण शिकता येत नाही.

ऑक्सिजनचा हिशेब हा याच चर्चेचा भाग आहे, जरी तो ‘पुरावा’ या शब्दात सहसा बसवला जात नाही. बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ७ लिटर श्वास शुद्ध ऑक्सिजनवर द्यायचा, तर कागदावर तो साडेतीन तास पुरतो. पण वायूवर चालणारे यंत्र स्वतःच्या झडपा हलवण्यासाठीही तोच ऑक्सिजन खर्च करते, आणि सिलिंडर प्रत्येक वेळी भरलेलाच मिळतो असे नाही. त्या रात्री पाटणच्या अलीकडे, पावसात, आम्हाला सिलिंडर बदलावा लागला. सिस्टर पिशवी दाबत होत्या आणि मी पाना शोधत होतो. विमानाने रुग्ण नेताना आणखी एक गोष्ट भर घालते. केबिनमधली हवा सुमारे ८००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, तिथला दाब समुद्रसपाटीच्या पाऊण हिस्सा असतो, आणि उंचीची भरपाई न करणारे जुने यंत्र तिथे ठरवल्यापेक्षा मोठा श्वास देऊ लागते.

परवान्याच्या कागदाने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. भारतात व्हेंटिलेटर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये ‘क’ वर्गात येतो आणि १ ऑक्टोबर २०२३पासून या वर्गाला परवाना सक्तीचा झाला आहे. ही चांगली गोष्ट आहे. रुग्णवाहिकेत वापरायच्या व्हेंटिलेटरसाठी आयएसओ ८०६०१-२-८४ हे आंतरराष्ट्रीय मानकही २०२०पासून आहे. परंतु मानक पाळणे म्हणजे रुग्णांवर सिद्ध होणे नव्हे; अमेरिकेतही यांतली बहुतेक यंत्रे, बाजारात आधीपासून असलेल्या यंत्राशी तुल्य असल्याचे दाखवूनच विक्रीला येतात. म्हणून यंत्र घेताना मी आता चार गोष्टी लेखी मागतो: २५० मिलीला आणि ३० सेंमी दाबाला प्रत्यक्ष पोचलेले आकारमान, १० सेंमी पीप खरोखर टिकतो का, शुद्ध ऑक्सिजनवर एका मिनिटात सिलिंडरमधून किती लिटर जातात, आणि दोन वर्षे वापरलेल्या बॅटरीचा वेळ. शेवटच्या प्रश्नाला अजून कोणीही समाधानकारक उत्तर दिलेले नाही. चाचण्या नव्या बॅटरीवर होतात.

कराडहून परत आल्यानंतर काही आठवड्यांनी एका जैववैद्यकीय अभियंता मित्राकडून मी कृत्रिम फुफ्फुस आणि प्रवाहमापक एका रविवारापुरते मागून आणले. आमच्या वापरातल्या दोन्ही लहान यंत्रांवर मऊ आणि ताठर फुफ्फुस लावून आम्ही दिवसभर आकडे उतरवले. मऊ फुफ्फुसावर दोन्ही यंत्रे नीट चालली. ताठर फुफ्फुसावर बाहेरची हवा मिसळण्याचे बटण चालू ठेवले, की एका यंत्राचा श्वास डोळ्यांना दिसेल इतका आखूड होत होता, आणि यंत्रावर त्याची कोणतीही सूचना येत नव्हती. संध्याकाळी सिस्टरांनी ते सगळे आकडे एका पांढऱ्या पट्टीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि ती पट्टी यंत्राच्या बाजूला चिकटवली. दुसऱ्या बाजूला उंचीचा तक्ता आहे, १४० सेंमीपासून १८० सेंमीपर्यंत, प्रत्येक उंचीसमोर मिलीचा आकडा. स्ट्रेचरला बांधलेली शिंप्याची टेप आता रुग्ण गाडीत चढवण्यापूर्वी टाचेपासून डोक्यापर्यंत लावली जाते, आणि कॅप्नोग्राफची नळी जोडल्याशिवाय आमची गाडी फाटकाबाहेर पडत नाही.